मराठवाड्यातील विवाहपूर्व समुपदेशन

विवाहपूर्व समुपदेशन म्हणजे विवाहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण-तरुणींना सहजीवनासाठी लागणारी माहिती, संवादाची कौशल्ये आणि निर्णय घेण्याची तयारी देणारे शिक्षण होय. याला विवाहपूर्व मार्गदर्शन, विवाहपूर्व संवाद किंवा नातेसंबंध शिक्षण असेही म्हणतात. परस्परांचे ऐकून घेणे, मतभेद हाताळणे, पैशांचे नियोजन, घरकामाची वाटणी, लैंगिक व प्रजनन आरोग्य, सासर-माहेरच्या नात्यांचा तोल आणि विवाहविषयक कायदे हे त्याचे मुख्य विषय आहेत.

मराठवाड्यात, विशेषतः नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत, या शिक्षणाला काही स्थानिक प्रश्नांची जोड मिळते. कमी वयातील विवाह, हुंडा व लग्नखर्चाचा भार, ऊसतोडीसाठी होणारे जोडप्यांचे स्थलांतर आणि नात्यातील विवाह हे त्यांतील प्रमुख होत. येथे बहुतांश विवाह दोन कुटुंबांच्या संमतीने ठरतात. त्यामुळे जोडप्याला कौशल्ये शिकवण्याआधी वधू आणि वर यांची स्वतःची संमती व विवाहाचे वय हे प्रश्न पुढे येतात.

संज्ञा व व्याप्ती

विवाहपूर्व समुपदेशन, वैवाहिक समुपदेशन आणि मध्यस्थी या तीन संज्ञा अनेकदा एकमेकींऐवजी वापरल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचे हेतू वेगळे आहेत. विवाहपूर्व समुपदेशन प्रतिबंधात्मक असते. ते तंटा निर्माण होण्याआधी दिले जाते. वैवाहिक समुपदेशन विवाहानंतर निर्माण झालेल्या ताणावर काम करते. मध्यस्थीत उभ्या राहिलेल्या वादावर दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तोडगा शोधला जातो. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकांचे काम मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मोडते.

विवाहपूर्व समुपदेशनातही दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात विवाह ठरलेले जोडपे समुपदेशकाला एकत्र भेटते. दुसऱ्या प्रकारात विवाह ठरण्यापूर्वीच तरुणांच्या गटाला प्रशिक्षण दिले जाते. ठरवून होणाऱ्या विवाहात साखरपुडा आणि लग्न यांत अनेकदा काही आठवड्यांचेच अंतर असते आणि त्या काळात कुटुंबे तयारीत गुंतलेली असतात. त्यामुळे ग्रामीण भागात महाविद्यालये, बचत गट आणि किशोरी गट यांच्यामार्फत चालणारा दुसरा प्रकार अधिक व्यवहार्य ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पारंपरिक शिकवण

विवाहाची पूर्वतयारी ही पूर्वी कुटुंबाची व गावाची जबाबदारी मानली जात असे. सासरी कसे वागावे याचे धडे मुलीला आई, आजी आणि आत्या यांच्याकडून मिळत. जात्यावरच्या ओव्यांमधून सासुरवास, भावाची वाट पाहणे आणि लेकीची पाठवणी हे विषय पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. पहिल्या वर्षात पंचमीसारख्या सणांना मुराळी पाठवून मुलीला माहेरी आणण्याची रीत मराठवाड्यात रूढ आहे. नव्या घरातील तिची स्थिती माहेरच्यांना कळण्याचा तो एक मार्ग होता.

ही शिकवण प्रामुख्याने मुलीला दिली जाई आणि तिचा भर जुळवून घेण्यावर असे. पती म्हणून कसे वागावे याचे तसे शिक्षण मुलाला मिळत नसे. 'नांदणे' हे क्रियापद मराठीत सहसा सुनेच्या संदर्भात वापरले जाते. लेक 'नांदायला' जाते आणि सासरचे तिला 'नांदवतात'. विवाह टिकवण्याची जबाबदारी कोणावर टाकली जाते, हे या शब्दप्रयोगातून दिसते.

सुधारणा चळवळी

वधू आणि वर यांनी परस्परांना समान पातळीवर वचन द्यावे, हा विचार महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी मांडला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन मागते. बौद्ध परंपरेतील सिगालोवाद सुत्तात पतीची आणि पत्नीची प्रत्येकी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मराठवाड्यात बौद्ध समाजाची संख्या मोठी आहे.

लैंगिक शिक्षणाच्या क्षेत्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांचे कार्य पायाभूत मानले जाते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे सारडा कायदा, ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेला असल्याने तो त्या काळी या प्रदेशाला लागू नव्हता. भारतात विलीनीकरण झाल्यानंतर या भागाला तो लागू झाला.

भारताबाहेरील प्रयत्न

संघटित स्वरूपातील विवाहपूर्व वर्ग विसाव्या शतकात प्रथम धार्मिक संस्थांमध्ये आणि नंतर विद्यापीठांत विकसित झाले. कॅथलिक चर्चमध्ये विवाहापूर्वी तयारीवर्ग पूर्ण करण्याची पद्धत आहे आणि चर्चच्या विधिसंहितेत त्यासाठी तरतूद आहे. मराठवाड्यातील कॅथलिक समाज १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. मलेशियात मुस्लिम जोडप्यांना विवाहापूर्वी ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठातील हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांनी 'प्रेप' हा संवादकौशल्यांवर आधारित अभ्यासक्रम तयार केला. डेव्हिड ओल्सन यांनी जोडप्याच्या सामर्थ्यस्थळांची व मतभेदांची नोंद घेणारी 'प्रिपेअर-एनरिच' ही प्रश्नावली विकसित केली.

नांदेड व लातूरमधील सामाजिक संदर्भ

विवाहाचे वय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. चौथ्या फेरीत (२०१५–१६) हे प्रमाण २६.३ टक्के होते. राज्याच्या सरासरीपेक्षा मराठवाड्यातील चित्र गंभीर आहे. नांदेड व लातूरला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, तर लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के नोंदवले गेले.

गावात दहावीनंतरच्या शिक्षणाची सोय नसणे, प्रवासातील असुरक्षितता, प्रेमसंबंधांची भीती, धाकट्या वधूसाठी कमी हुंडा द्यावा लागेल हा समज आणि पालकांचे स्थलांतर ही बालविवाहांमागील कारणे सांगितली जातात. याच भागात 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिकवणी व्यवस्थेमुळे लातूर आणि नांदेड ही शहरे स्पर्धा परीक्षांची केंद्रे झाली आहेत आणि असंख्य मुली घर सोडून तेथे शिकायला राहतात. एकाच तालुक्यात पंधराव्या वर्षी लग्न ठरलेली मुलगी आणि वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी तिची समवयस्क असे दोन्ही प्रवाह दिसतात. दोघींसाठी विवाहपूर्व शिक्षणाचा अर्थ वेगळा असतो.

ऊसतोड आणि 'कोयता'

बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम मजुरांना आगाऊ रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. ही उचल पती-पत्नीच्या जोडीला मिळते. अशा जोडीला 'कोयता' असे नाव आहे आणि एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हणतात.

या पद्धतीत विवाह हा रोजगाराचा घटक ठरतो. लग्न झाले की मुलाचा पूर्ण कोयता होतो आणि उचलही वाढते. मुलीला गावी एकटे ठेवण्याची चिंता असलेल्या पालकांनाही हंगामाआधी लग्न उरकणे सोयीचे वाटते. त्यामुळे अनेक नवविवाहित जोडप्यांच्या संसाराची सुरुवात फडावरच्या पालात, पहाटेपासून चालणाऱ्या कष्टांत आणि फेडायच्या उचलीखाली होते. या जोडप्यांसाठी पैशांचे नियोजन, गर्भारपण आणि घरकामाची वाटणी हे अभ्यासक्रमातील विषय पहिल्याच हंगामात समोर उभे राहतात.

हुंडा, मानपान आणि यादी

विवाह ठरवण्याच्या बैठकीत देण्याघेण्याची बोलणी होऊन ती कागदावर उतरवली जातात. याला 'यादी करणे' म्हणतात. हुंडा, सोने, वाहन, भांडी, आहेर, मानपान आणि लग्नाचा खर्च कोणी करायचा हे त्यात ठरते. या बैठकीत वधू-वर सहसा बोलत नाहीत. नापिकी आणि दुष्काळाच्या वर्षांत मुलीच्या लग्नासाठी काढलेले खासगी कर्ज हे शेतकरी कुटुंबांवरील ताणाचे एक मोठे कारण ठरते.

हा खर्च कमी करण्यासाठी सामूहिक विवाह सोहळ्यांची चळवळ मराठवाड्यात रुजली. राज्य शासनाच्या 'शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजने'तून अशा विवाहांना अनुदान दिले जाते. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेचे सुरुवातीचे कामही सामूहिक विवाह आणि हुंडाविरोध याच क्षेत्रातील होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या संघटनेने लातूर-धाराशिव भागातील सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे तिने किशोरवयीन मुलींसाठी 'स्मार्ट गर्ल' ही दोन दिवसांची कार्यशाळा तयार केली. तीत आत्मभान, संवाद, नातेसंबंध आणि निर्णय घेणे हे घटक आहेत.

नात्यातील विवाह व सीमावर्ती सोयरिकी

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राचे वर्णन उत्तर व दक्षिण यांमधील संक्रमणाचा प्रदेश असे केले आहे. मामाच्या मुलीशी विवाह ही पसंतीची सोयरीक मानण्याची रीत येथे अनेक जातींत आहे. मराठवाड्याच्या दक्षिण भागात मामा-भाचीचा विवाहही आढळतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, देवणी, निलंगा या सीमेवरील तालुक्यांचा बीदर आणि तेलंगणातील जिल्ह्यांशी जुना रोटी-बेटी व्यवहार आहे.

नात्यात विवाह झाल्यास सासर अनोळखी नसते आणि शेतजमीन कुटुंबात राहते, असे त्याचे समर्थन केले जाते. मात्र एकाच पूर्वजाकडून आलेली दोषयुक्त जनुके दोन्ही बाजूंनी अपत्यात येण्याची शक्यता अशा विवाहात वाढते. शिवाय नात्यातील मुलीला तक्रार करणे अवघड जाते. सासू हीच आत्या असेल तर माहेर आणि सासर यांतील सीमा पुसट होते.

अभ्यासक्रमातील घटक

संमती आणि अपेक्षा

अभ्यासक्रमाची सुरुवात साधारणपणे 'हा विवाह मला करायचा आहे का' या प्रश्नाने होते. पाहण्याच्या कार्यक्रमात मुला-मुलीला मिळणारा वेळ थोडा असतो आणि संभाषण शिक्षण, नोकरी, स्वयंपाक यांपुरते मर्यादित राहते. त्यामुळे शिक्षण व नोकरी पुढे चालू ठेवणे, राहण्याचे ठिकाण, अपत्यांची संख्या, आई-वडिलांचा सांभाळ, धार्मिक आचार, व्यसने, कर्ज आणि आजार यांवर विचारायच्या प्रश्नांचा सराव घेतला जातो. नकार देणे आणि मिळालेला नकार स्वीकारणे हीही शिकण्याची कौशल्ये मानली जातात.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'जोडीदाराची विवेकी निवड' या नावाने तरुणांसाठी कार्यशाळांचा उपक्रम चालवला आहे. पत्रिका, मंगळ, जात आणि हुंडा यांऐवजी स्वभाव, मूल्ये, आरोग्य व जीवनध्येय यांवर निवड आधारावी, हा त्याचा विषय आहे. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये या समितीची स्थापना केली.

संवाद आणि मतभेद

संवादाचे शिक्षण प्रत्यक्ष सरावातून दिले जाते. एका प्रचलित सरावात जोडप्यापैकी एकजण बोलतो आणि दुसरा केवळ ऐकतो. बोलणाऱ्याने 'तू नेहमी असेच करतोस' असे न म्हणता स्वतःला काय वाटले ते सांगायचे असते. ऐकणाऱ्याने उत्तर न देता ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे असते. बोलणाऱ्याने 'हेच मला म्हणायचे होते' असे सांगितल्यावरच भूमिका बदलतात. राग अनावर झाल्यास काही काळ चर्चा थांबवणे आणि ती पुन्हा कधी सुरू करायची हे आधीच ठरवणे, हा आणखी एक सराव आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या निरीक्षणातून नात्याला हानी पोहोचवणाऱ्या चार सवयी नोंदवल्या: व्यक्तीवर दोषारोप, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि अबोला. मराठी कुटुंबांतील टोमणे मारणे, माहेरचा उद्धार करणे, धुसफुस आणि दिवसेंदिवसांचा अबोला या प्रकारांशी त्यांचे साम्य असल्याने प्रशिक्षणात स्थानिक उदाहरणे सहज देता येतात.

पैसा, घरकाम आणि सासर

उत्पन्न, कर्ज आणि जबाबदाऱ्या एकमेकांना सांगणे, घरखर्चाचा अंदाज काढणे, पत्नीच्या नावे बँक खाते असणे, तिच्या मजुरीवर व स्त्रीधनावर तिचा हक्क मान्य करणे हे मुद्दे या भागात येतात. एकत्र कुटुंबात नवे जोडपे एकटे निर्णय घेत नाही. म्हणून सासू-सासरे, दीर-नणंदा यांच्याशी बोलताना पतीची भूमिका काय असावी, यावर स्वतंत्र चर्चा होते. 'आई विरुद्ध बायको' असा पेच उभा राहिल्यास मुलाने गप्प बसणे ही तटस्थता ठरत नाही, हे भूमिकाभिनयातून दाखवले जाते.

आरोग्य

शरीररचना, मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधक साधने, लैंगिक संबंधातील संमती आणि गैरसमज यांची माहिती दिली जाते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत चालणाऱ्या 'मैत्री' केंद्रांत किशोरवयीन मुला-मुलींना या विषयांवर समुपदेशन मिळते.

किनवट व माहूर तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी असल्याने तेथे सिकलसेल हा विवाहपूर्व समुपदेशनातील महत्त्वाचा विषय आहे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती स्वतः सहसा निरोगी दिसते. त्यामुळे रक्ततपासणीशिवाय ही बाब कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीसोबत विवाहपूर्व समुपदेशनावर भर आहे.

एचआयव्ही तपासणी संमतीनेच करता येते. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करण्यास आणि बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. लातूर जिल्ह्यातील हासेगाव (ता. औसा) येथे रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. तेथे वाढलेल्या मुला-मुलींचे विवाह संस्थेने लावून दिले आहेत. नियमित औषधोपचार घेतल्यास बाधित व्यक्ती दीर्घकाळ निरोगी राहू शकते आणि योग्य उपचारांमुळे अपत्याला होणारा संसर्ग टाळता येतो. या विवाहांत दोघांनाही परस्परांच्या आजाराची पूर्ण माहिती असणे हाच सहजीवनाचा पाया असतो.

कायदेशीर चौकट

भारतात विवाहपूर्व समुपदेशन सक्तीचे करणारा सर्वसाधारण कायदा नाही. तरीही प्रशिक्षणात पुढील तरतुदींची माहिती दिली जाते.

बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ : विवाहासाठी मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ वर्षे पूर्ण असावे लागते. बालविवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयात विवाह झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तो रद्द करून घेता येतो. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडे बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी असते.

हुंडा प्रतिबंध कायदा, १९६१ : हुंडा देणे, घेणे व मागणे गुन्हा आहे. स्वेच्छेने दिलेल्या भेटवस्तूंची यादी ठेवण्याचा नियम १९८५ मध्ये करण्यात आला. लग्नाच्या बैठकीतील 'यादी' आणि कायद्यातील यादी यांचा हेतू परस्परविरोधी आहे. पहिलीत मागण्या नोंदवल्या जातात, तर दुसरी वधूचे स्त्रीधन तिचेच राहावे यासाठी आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण कायदा, २००५ : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचा यात समावेश होतो. संरक्षण अधिकारी, निवासाचा हक्क आणि निर्वाह यांची तरतूद आहे.

विशेष विवाह कायदा, १९५४ : भिन्न धर्मांच्या व्यक्तींना धर्म न बदलता नोंदणी पद्धतीने विवाह करता येतो. त्यासाठी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ : शक्य तेथे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे आणि मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. पुढे नांदेड व लातूर येथेही ती स्थापन झाली.

संस्था व यंत्रणा

नांदेड आणि लातूरमध्ये हे काम वेगवेगळ्या विभागांत विभागलेले आहे. महिला व बालविकास विभाग, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पोलिसांचे महिला साहाय्य कक्ष, 'सखी' वन स्टॉप सेंटर आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग यांचा त्यात वाटा आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे ही तरुणांपर्यंत पोहोचण्याची एक जागा आहे.

राष्ट्रीय पातळीवर राष्ट्रीय महिला आयोगाने २०२५ मध्ये 'तेरे मेरे सपने' या नावाने विवाहपूर्व संवाद केंद्रांचा उपक्रम सुरू केला. आयोगाच्या तत्कालीन अध्यक्ष विजया रहाटकर या मराठवाड्यातील असून त्यांनी पूर्वी औरंगाबादचे महापौरपद भूषवले आहे. गोव्यात २०२१ मध्ये विवाह नोंदणीपूर्वी समुपदेशन आवश्यक करण्याचा मनोदय तेथील शासनाने जाहीर केला होता.

तातडीच्या मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, चाइल्डलाइन १०९८, आपत्कालीन सेवा ११२ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

परिणामकारकता

मराठवाड्यातील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा पुरावा पाचोड (ता. पैठण) येथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेच्या कामातून मिळतो. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १२ ते १८ वयोगटातील अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालवला. आठवड्यातील कामाच्या दिवशी रोज संध्याकाळी एक तास गावातच हा वर्ग भरे. १९९७ ते २००१ या काळात कार्यक्रमाच्या गावांतील मुलींच्या विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ वर्षांवर गेले. विवाह लांबवण्यासाठी मुलींसोबत पालकांचा विश्वास मिळवणेही आवश्यक असते, हा या कामाचा निष्कर्ष होता.

पुण्यातील वस्त्यांत नवविवाहित जोडप्यांसाठी 'घ्या भरारी एकत्र' हा कार्यक्रम एमरी विद्यापीठाच्या अमिता कालोखे आणि सहकाऱ्यांनी विकसित केला. संवाद, मतभेदांची सोडवणूक, आत्मसन्मान आणि लैंगिक आरोग्य यांवरील गटसत्रांतून पतीकडून होणारी हिंसा सुरू होण्याआधीच रोखणे हा त्याचा हेतू आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,०८१ जोडप्यांसह झालेल्या 'चार्म' या चाचणीत पतींना कुटुंबनियोजन व स्त्री-पुरुष समतेवर समुपदेशन देण्यात आले. त्यानंतर जोडप्यांमधील गर्भनिरोधनाविषयीचा संवाद वाढल्याचे आणि लैंगिक हिंसेचे प्रमाण घटल्याचे दिसून आले.

परदेशातील संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. २००३ मधील कॅरोल आणि डोहर्टी यांच्या आढाव्यात विवाहपूर्व वर्गांचे लक्षणीय लाभ नोंदवले गेले. अप्रकाशित अभ्यासही जमेस धरणाऱ्या २०१० मधील एका आढाव्यात मात्र संवादकौशल्ये सुधारली, पण नात्यातील समाधानावर तसा परिणाम दिसला नाही. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या जोडप्यांसाठी राबवलेल्या 'बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज' या शासकीय कार्यक्रमाचा एकत्रित परिणाम नगण्य ठरला. बेरोजगारी आणि आर्थिक चणचण यांनी आलेला ताण केवळ संवाद शिकून दूर होत नाही, असा अर्थ त्यातून काढला जातो. उचलीच्या कर्जाने बांधलेल्या जोडप्यांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लागू पडतो.

टीका व मर्यादा

समुपदेशनावरील प्रमुख आक्षेप स्त्री चळवळीतून घेतला जातो. 'घर मोडू नये' हे उद्दिष्ट ठेवल्यास समुपदेशनाचे रूपांतर मुलीला तडजोड शिकवण्यात होते, असे टीकाकार म्हणतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे नोंदवले आहे. हिंसा हा संवादातील दोष नसून गुन्हा आहे आणि तेथे जोडप्याच्या एकत्रित समुपदेशनापूर्वी स्त्रीची सुरक्षितता पाहिली पाहिजे, हे तत्त्व आता बहुतेक प्रशिक्षणांत मान्य आहे.

दुसरा आक्षेप बालविवाहासंबंधी आहे. अल्पवयीन मुलीचा विवाह ठरल्यावर तिला सहजीवनाची कौशल्ये शिकवणे म्हणजे त्या विवाहाला मान्यता देणे ठरू शकते. अशा वेळी समुपदेशकाचे काम विवाह थांबवणे आणि मुलीचे शिक्षण सुरू ठेवण्याची सोय पाहणे हे असते. मात्र बालविवाह होऊन गेलेल्या मुलींना गर्भधारणा लांबवणे, शाळेत परतणे आणि कायदेशीर हक्क यांची माहिती मिळणे गरजेचे आहे. कायद्याच्या भीतीने कुटुंबे त्यांना दवाखान्यापासूनही दूर ठेवतात.

याखेरीज पुरुषांचा अल्प सहभाग, प्रशिक्षित मराठी समुपदेशकांची शहरांतील एकवट, बंजारा, गोंडी, उर्दू, तेलुगू व कन्नड भाषकांसाठी साहित्याची गरज, गावात गोपनीयता राखण्यातील अडचणी आणि आंतरजातीय विवाहांना होणारा विरोध या मर्यादा नोंदवल्या जातात. समुपदेशन विवाह नोंदणीसाठी सक्तीचे केल्यास ते एक औपचारिक प्रमाणपत्र होऊन बसेल आणि कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध विवाह करणाऱ्या सज्ञान जोडप्यांपुढे आणखी एक अडथळा उभा राहील, असाही आक्षेप आहे.

हेही पाहा

बालविवाह
हुंडा
सत्यशोधक विवाह
विशेष विवाह कायदा
कौटुंबिक न्यायालय
ऊसतोड कामगार
रघुनाथ धोंडो कर्वे
राष्ट्रीय महिला आयोग